उदाजीराजांची फटफटी आणि कच्चं सूत

"हात न लावता दुरुस्त कर!"

निमगडच्या उदाजीराजांनी हुकूम सोडला आणि रायबा मिस्त्रीच्या हातातला पाना गळून पडला.

राजांची लाडकी फटफटी सपाटीवर वाऱ्यासारखी पळे. पण सोनजाईच्या घाटाला लागली की इंजिन वाघासारखं डरकाळ्या फोडी, चाक मात्र गोगलगायीसारखं सरके. जळका वास सुटे आणि तिसऱ्या वळणावर स्वारी थांबे. मग बैल लावून तिला खाली आणायचं! आणि उद्या तर घाटमाथ्यावर देवीची जत्रा. 'फटफटीवरून वर येतो,' असं राजे साऱ्या पंचक्रोशीला सांगून बसलेले.

"सरकार, खोलल्याशिवाय कशी..."

"खोलायचं नाव काढू नकोस! मागं शहरातल्या कारागिरानं खोलली, जोडली आणि उरलेले दोन नट माझ्या हातावर ठेवले, प्रसाद दिल्यासारखे! आता माझ्या गाडीला कुणी बोट लावायचं नाही. उद्या ती घाट चढली नाही, तर तू निमगडची वेस ओलांडायची!"

रायबा मान खाली घालून घरी आला. त्याची लेक तुळसा भाकऱ्या थापत होती.

"रोग कळला नाही का, बाबा?"

"कळलाय गं, तोच तर घोळ आहे! क्लच घसरतोय. डाव्या मुठीपुढची क्लचची दांडी दाबली की इंजिनाची न् चाकाची फारकत होते, सोडली की गाठ बसते. सरकार चढावर दोन बोटं सारखी दांडीवर दाबून धरतात. ना धड गाठ, ना धड फारकत! इंजिन ओरडतं, चाक ऐकत नाही."

"मग सांगा की त्यांना!"

"सांगू? 'मीठ दुसऱ्यांदा तुम्हीच घातलंत, सरकार,' असं आचाऱ्यानं सांगितलं होतं. तो आता हत्तीखालची लीद काढतोय!"

तुळसाला हसू फुटलं. पण बापाचा उतरलेला चेहरा दिसला आणि ती विचारात पडली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

सकाळी घाटाच्या पायथ्याशी ही गर्दी! फटफटीशेजारी राजे मिशी पिळत उभे. तुळसा पुढं झाली.

"दुरुस्ती मी करते, सरकार."

"तू? आणि हत्यारं कुठायत?"

"बोट लावायचं नाही, मग हत्यारं आणू कशाला?" तिनं कमरेचं कच्चं सूत काढलं. "हे सरकारांनी स्वतः गाडीच्या डाव्या मुठीला सैल बांधावं. गाडी निघाली, चढ लागला, की दांडी सोडायची आणि चारी बोटं सुताखाली घालायची. पहिल्याच गियरमध्ये सावकाश जायचं आणि देवळापर्यंत सूत तुटू द्यायचं नाही!"

दिवाणजी खेकसले, "धाग्यानं कधी यंत्र चालतं का, पोरी?"

"नाही चाललं, तर बाबांच्या आधी मी वेस ओलांडीन!"

रायबानं डोळेच मिटून घेतले. राजांना मात्र गंमत वाटली. "मंतरलेलं आहे का गं?"

"वर जाऊन या, सरकार. मग विचारा!"

राजांनी सूत बांधलं, किक मारली, फटफटी धुरळा उडवत निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. झाडीत गाडी दिसेनाशी झाली, नुसता आवाज येत राहिला. तुळसाचा जीव त्या आवाजात अडकला होता. राजांची बोटं किती हुळहुळत असतील! एकदा जरी दांडीकडं गेली, तरी संपलं. तिसरं वळण आलं... पण आज डरकाळी नाही! एका लयीत फट्-फट्-फट् करत आवाज वर वर गेला, आणि थोड्या वेळानं माथ्यावरची घंटा ठणाणली!

राजे खाली आले ते पोरासारखे खूश होऊन. सूत जसंच्या तसं.

"सांग पोरी, कुठल्या देवीचं सूत हे?"

"आमच्या गोधडीचं, सरकार! त्यात कसली आलीय शक्ती? ताकद गाडीतच होती. तिला अडवून धरणारी दोन बोटं तेवढी सुतानं धरून ठेवली."

राजांच्या भुवया चढल्या.

"म्हणजे चूक माझी म्हणतेस?"

"छे, छे! मी फक्त हुकूम पाळला. सरकार म्हणाले, गाडीला बोट लावायचं नाही. म्हणून गाडी तशीच ठेवली, आणि बोटंच दुरुस्त केली!"

क्षणभर राजे आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिले. मग असे खदाखदा हसले, की फेटा सुटून खांद्यावर आला. तोच फेटा त्यांनी रायबाच्या डोक्यावर ठेवला.

"जत्रा झाली की क्लच खोल, रायबा! झिजलं असेल ते सगळं बदल. आणि पोरी, तुला काय हवं?"

तुळसानं फटफटीच्या मागच्या सीटकडं बघितलं.

दिवाणजी काही बोलायच्या आत राजांनी किक मारली, आणि मिस्त्रीची लेक राजांच्या मागं बसून, पदर खोचून, घाट चढून जत्रेला गेली!