सुतारणीनं परत केलेली शाल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. नदीकाठी सुतारांचं एक गाव होतं. तिथं पाण्याच्या चाकावर गोल करवत फिरायची आणि तिच्यावर खिडक्यांच्या चौकटींचे कोपरे तिरके कापले जायचे. करवतीच्या दातांवर लाकडी झाकण असायचं. पाणी अडवलं, की करवत हळूहळू थांबायची.

एका सुताराला राजवाड्याच्या खिडक्यांचं काम मिळालं. माणूस कसबी, त्यात वाद नाही. पण झाकणामुळे खूण दिसत नाही म्हणून त्यानं ते दोरीनं वर बांधून टाकलं. करवत फिरत असतानाच तो कापलेले तुकडे उचलायचा. येणारेजाणारे तोंडभर कौतुक करायचे. बायको तेवढी म्हणायची, अहो, आधी ती थांबू द्या, मग हात घाला. तो हसायचा. म्हणायचा, करवत मला ओळखते.

एक दिवस आखूड तुकडा कापायचा होता. तो फळीला आवळून बांधायचा सोडून यानं बोटांनीच दाबून धरला. करवतीनं तुकडा ओढला, त्याच्यासोबत हातही ओढला. तीन बोटं गेली.

आता गावानं काय करावं? त्याची मिरवणूक काढली. राजानं दरबारात त्याच्या अंगावर शाल पांघरली आणि त्याला शूर कारागीर म्हटलं. मला सांगा, यात शौर्य ते कसलं? घरी बायको त्याला घास भरवत होती, ते बघायला कुणी गेलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून गावातल्या तरण्या सुतारांनी आपापली झाकणं बांधून वर केली. सुतारणीचा धाकटा दीरही हातात दोरी घेऊन निघाला.

ते पाहून सुतारीण जी उठली, ती थेट दरबारात गेली. शाल तिनं राजापुढे ठेवली.

"महाराज, हिनं यांची बोटं परत आली नाहीत. पण हिच्यापायी उद्या माझ्या दिराची जातील. ज्याची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, त्याला शाल द्यावी, एवढं इथं कुणालाच सुचलं नाही?"

प्रधान तिच्यावर खेकसला. राजानं त्याला गप्प केलं आणि सुताराला बोलावून विचारलं. सुतार मान खाली घालून म्हणाला, "झाकण मीच बांधलं होतं, महाराज. ही म्हणते ते खरं आहे."

राजानं शाल ठेवून घेतली आणि त्याच दिवशी गावातल्या झाकणांच्या सगळ्या दोऱ्या कापायला लावल्या. दिराचा हात वाचला. सुताराच्या हातात मात्र पुन्हा कधी पटाशी बसली नाही. खिडक्या दुसऱ्यानं पुऱ्या केल्या, आणि हा काठावर बसून बघत राहिला.

तात्पर्य : निष्काळजीपणाला जो शौर्य म्हणतो, तो पुढच्या जखमेचा वाटेकरी असतो.