सोमवारचा शेवटचा रोगी

“मग उद्या किती येतील?” हरणगीर बुवांनी विचारलं.

विश्रामने आलेखावर फूटपट्टी ठेवली. मठाच्या अंगणात पटकीच्या रोग्यांची छावणी पडून बारा दिवस झाले होते. दिवसाला किती नवे रोगी आले, त्याचा ठिपका तो रोज न चुकता मांडत असे. डॉक्टर होऊन मठात आलेला शिष्य. हुशारी अंगात मावत नव्हती.

“सोमवारी बावीस होते, बुवा. मंगळवारी पाच, काल तीन, आज दोन. रेघ पुढे ओढली की उद्या एक. परवा कुणीच नाही.”

“खात्री आहे?”

“कागद खोटं बोलत नाही. परवा संध्याकाळी छावणी उठवू. उरलेलं सलाइन परत पाठवून देतो.”

बुवांनी सोमवारच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“सोमवारी शेवटचा कोण आला?”

“सखा भोई. तो काय, त्या खाटेवर. नावाडी आहे.”

“आणि त्याच्या आधीचे एकवीस?”

“ते सगळे पैलतीरावरच्या वाडीचे. सखाच्याच नावेतून...”

विश्रामची पट्टी जागच्या जागी थांबली.

बुवांनी नदीकडे पाहिलं. नाव सोमवारपासून अलीकडच्या काठाला बांधलेली होती. रोग्यांची नाव म्हणून तिला हात लावायला कुणी धजत नव्हतं. त्यानंतर आलेले दहाही जण अलीकडच्याच काठाचे. चार दिवस ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण कागदात नाक खुपसून बसलेल्याला नदी कशी दिसणार?

पलीकडे भरदुपारी तीन ठिकाणी धूर चढत होता. तो चुलींचा नव्हता.

विश्रामचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला.

“दिवसाला वीस धरले... तर तीन दिवसांचे...” तो पुटपुटला. “साठ? का त्याहून जास्त? बुवा, किती असतील हो पलीकडे?”

बुवा उठले. सखाच्या खाटेखालचं वल्हं त्यांनी ओढून काढलं. विश्रामच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि वल्हं त्याच्या हातात दिलं.

“मोजू नकोस,” ते म्हणाले. “आण.”