कासवीणबाईंच्या घरचं चार्जिंग

डोंगरापल्याडच्या करवंदवनात लोकशाही होती. दर निवडणुकीला गवाच निवडून यायचा, कारण मतदान केंद्राच्या दारात तोच उभा असायचा.

एकदा गवेराजांना धुराने ठसका लागला. लगेच घोषणा झाली, "धूर हटवा, वन वाचवा!" सगळ्या सरकारी प्राण्यांना विजेच्या गाड्या मिळाल्या. गाडी घरी चार्ज करा, कामापुरता खर्च सरकार देईल, असा नियम निघाला.

वनाच्या दवाखान्यात कमळजाबाई नावाच्या कासवीण परिचारिका होत्या. पूर्वी त्या लस घेऊन निघाल्या की पोचेपर्यंत पिल्लांची लग्नं व्हायची. आता गाडीमुळे त्या बिळाबिळांत वेळेवर पोचू लागल्या. महिनाअखेरीस चार्जिंगचा खर्च मागायला त्या ऊर्जामंत्री तरसोजीरावांकडे गेल्या.

"बाई, तुमचं घर कुठे?" मंत्र्यांनी विचारलं.

"पाठीवर, साहेब."

"आणि गाडी चालवताना?"

"तेव्हाही पाठीवरच."

"म्हणजे गाडी घरी नसते, घर गाडीत असतं. नियम उलटा झाला. नामंजूर!"

कमळजाबाई तशाच परत फिरल्या. त्या पदरमोड करून गाडी चालवत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याची वीज सारखी जाऊ लागली. फ्रिजमधल्या लसी कोमट व्हायला लागल्या. बाई घाबरल्या. वीज जाते कुठे, हे बघायला तारेच्या कडेकडेने गाडी हाकत निघाल्या. तार थेट तरसोजीरावांच्या अंगणात गेली होती.

तिथे मंत्र्यांची सरकारी गाडी विटांवर उभी होती. तिला चाकंच नव्हती. तिच्या नावाच्या प्लगमधून मात्र सात एसी, पिठाची गिरणी, मेहुण्याचा बर्फाचा कारखाना आणि मुलीच्या लग्नाची रोषणाई चालू होती.

"साहेब, एवढी वीज?"

"गाडी आहे बाई. अंगात ताकद नको तिच्या?"

"पण चाकं कुठायत?"

"झिजली. जनतेच्या सेवेत."

बाईंनी तक्रार केली. गवेराजांनी तत्काळ तीन तरसांची चौकशी समिती नेमली. समिती मंत्र्यांच्या घरी आली, जेवली आणि जाताना आपापल्या गाड्या तिथेच चार्जिंगला लावून गेली. दवाखान्यातला उरलासुरला दिवाही गेला.

लग्नाच्या संध्याकाळी मांडवात गवेराज आशीर्वादाचं भाषण करत होते. "बंधूंनो, आज आपलं वन प्रकाशात न्हाऊन निघालंय..."

कमळजाबाई लसींचा फ्रिजच गाडीत घालून आल्या होत्या. सगळ्यांसमोर त्या प्लगपाशी गेल्या. इतका राग त्यांना उभ्या आयुष्यात आला नव्हता. त्यांनी मंत्र्यांचा प्लग उपटला आणि फ्रिजचा लावला.

मांडवात काळोख झाला. नवरदेव चुकून विहिणीला हार घालून बसला. फक्त फ्रिजचा छोटा दिवा लुकलुकत होता.

"हा काळोख म्हणजे विरोधकांचं कारस्थान आहे!" गवेराज अंधारात गरजले. अंधारात टाळ्याही पडल्या.

पण फ्रिजभोवती आया पिल्लं घेऊन जमल्या. वऱ्हाडाला कळायच्या आत बाईंनी लसीकरण सुरू केलं. मंत्र्यांची दोन नातवंडंही रांगेत होती. त्यांनाही बाईंनी तितक्याच हळुवार हाताने टोचलं.

वनात फारच बोभाटा झाला, तेव्हा तरसोजीरावांनी नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि ऊर्जाखातं सोडलं.

आता ते आरोग्यमंत्री आहेत. त्यांची चौकशी नीट चालू आहे, असं ते स्वतःच सांगतात.