नामीबाईंची अर्धी ओळ

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ख्रिस्ती साधू कृपादास महाराजांचा मुक्काम आंबेदऱ्याला होता. गाव डोंगराच्या कुशीत, पाण्याची नेहमीचीच मारामार, आणि ख्रिस्ती मंडळींची घरे गावाबाहेरच्या माळावर. महाराजांचा संसार तो काय! एक एकतारी, एक घोंगडी आणि पाने झिजलेली बायबलातल्या स्तोत्रांची पोथी. सकाळ-संध्याकाळ ते दगडी प्रार्थनामंदिरात बसत, एक स्तोत्र वाचत, त्याचा अर्थ उलगडून सांगत आणि मग सगळ्यांकडून गाऊन घेत. म्हणत, "बाबांनो, ही स्तोत्रे कुणीतरी रडत रडत म्हटलेली आहेत. तुम्हीही आपापले रडे घेऊन या. देवाला त्याची लाज वाटत नाही."

स्तोत्रांची घडणच अशी आहे, की एका ओळीचे दोन भाग. पहिला भाग एकाने म्हणावा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे. आंबेदऱ्याला मात्र सगळे मिळून अख्खी ओळ गात, कारण तशी योनाथान मास्तरांची शिस्त होती. मास्तर शाळा चालवीत आणि गायनाचेही पुढारी होते. त्यांचा गळा गोड, हे कबूल केलेच पाहिजे. पण इतरांपेक्षा ते त्यांना स्वतःलाच जरा जास्त कबूल होते!

या शिस्तीत एकच माणूस बसत नसे. ती म्हणजे नामीबाई. सगळी मंडळी ओळ सुरू करीत तेव्हा या बाई गप्प. ओळ अर्ध्यावर आली की त्या सुरात सूर मिसळीत. पुन्हा गप्प, पुन्हा अर्धी ओळ.

त्याचे कारण सांगतो. नामीबाईंचा नवरा सिलास विहिरी खोदायचा. तो खाली, मुरूम फोडतोय. बाई वर, दोराने पाट्या ओढताहेत. खालून तो स्तोत्राची अर्धी ओळ म्हणायचा, वरून बाई उरलेली अर्धी म्हणायच्या. धनी सुखरूप आहे, हे बाईंना त्यावरूनच कळायचे. एके दिवशी सिलासने खोल जागेतून देवाला हाक मारणारे ते स्तोत्र सुरू केले. अर्धी ओळ झाली, आणि दरड कोसळली. बाईंनी उरलेली ओळ म्हटली. पुन्हा म्हटली. खालून काहीच आले नाही. तेव्हापासून त्या आपलीच अर्धी ओळ गात आल्या. त्याच्या वाट्याची ओळ तोंडात घ्यायला त्यांचा जीव धजत नसे.

मास्तरांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण चाल बिघडते याचा त्यांना भारी राग. एका रविवारी, भर उपासनेत, त्यांनी पेटी थांबवली. "अहो नामीबाई, देवाला पाहुणचार करताना अर्धीच भाकरी वाढता का? गायचं तर धड गा, नाहीतर बाहेर बसा. शोक किती दिवस मिरवायचा, त्यालाही काही धरबंध असावा!"

मंडळी हसली. पोरांनी तर त्यांचे नावच 'अर्धीबाई' पाडले. नामीबाई मान खाली घालून उठल्या आणि दाराबाहेर जाऊन बसल्या. महाराजही एकतारी उचलून बाहेर गेले आणि बाईंच्या शेजारी बसले.

पुढे काय व्हावे! प्रार्थनामंदिरामागची विहीर आटली म्हणून मंडळी ती खोल करीत होती. एके दुपारी गडी जेवायला वर आले, तेवढ्यात मास्तरांना खालचा ओलावा आपल्या डोळ्यांनी पाहायची हुक्की आली. गडी नको नको म्हणत असता ते खाली उतरले. आणि पश्चिमेची अख्खी बाजू धाडकन खाली आली.

एकच आकांत झाला. मास्तरांची पत्नी शलोमीबाई ऊर बडवू लागल्या. गड्यांनी हाका मारल्या, ओ नाही. दोघे दोर बांधून उतरले आणि हळूहळू दगड उपसू लागले. पण थोड्याच वेळात त्यांचाही धीर सुटला. एक जण वर तोंड करून म्हणाला, "महाराज, काही हालचाल नाही. उरलेली दरडही आमच्या डोक्यावर येईल. वर येऊ का?"

महाराज म्हणाले, "थोडं थांबा रे. ते जिवंत असतील, तर आपण इथे आहोत हे त्यांना कळू दे. गा कुणीतरी."

गाणार कोण? ज्याच्या मागे गायची सवय, तोच खाली गाडलेला. महाराज वळले. नामीबाई लांब, मंदिराच्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

"पोरी, तू म्हणशील?"

"महाराज, मला विहिरीच्या काठावर नका नेऊ हो! माझ्यानं नाही व्हायचं. एकदा मी उत्तर दिलं, ते कुणापर्यंत पोचलंच नाही."

"पोचलं नाही, हे तुला कुणी सांगितलं?" महाराज इतकेच म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते.

बाई आल्या. काठावर बसल्या. शलोमीबाईंनी त्यांचा पदर घट्ट धरला. बाई सिलासच्या अर्ध्या ओळीइतका वेळ थांबल्या, मग त्यांनी त्याच स्तोत्रातली आपली अर्धी ओळ म्हटली. पुन्हा गप्प. पुन्हा अर्धी ओळ. "आता तरी पूर्ण म्हणा!" कुणीतरी करवादले. बाईंनी ऐकले नाही. पण त्या आवाजाने खालच्या गड्यांचे हात पुन्हा चालू लागले. ऊन उतरले, बाईंचा घसा बसला, तरी त्या थांबल्या नाहीत. आणि दिवस मावळता मावळता खालून आरोळी आली, "हात दिसतोय! गरम आहे!"

एका तिरक्या पडलेल्या शिळेखाली मास्तर जिवंत होते! वर आणले, तोंडात पाणी घातले. डोळे उघडताच ते धडपडून उठू लागले. "माझ्याजवळच्या माणसाला काढा आधी! तो अजून आत आहे!"

गडी म्हणाले, "मास्तर, खाली दुसरं कुणी नाही."

"आहे हो! बाई वरून म्हणायच्या, त्याच्या आधी तो म्हणायचा. माझ्या अगदी कानाशी. माझ्या तोंडात माती, मला आवाज फुटेना. डोळा लागायला लागला की तो पुढची ओळ सुरू करायचा. झोपूच देईना मला."

नामीबाईंनी बसल्या आवाजात विचारले, "गळा कसा होता?"

"जाडा. ओळीच्या शेवटी उंच चढायचा, वर कुणाला हाक मारावी तसा."

बाईंनी विहिरीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मला नाही ऐकू आला. एवढी वाट बघितली हो मी प्रत्येक ओळीला. मला नाही आला."

साऱ्यांनी महाराजांकडे पाहिले. तो देवदूत होता की सिलास, आणि जिने वाट पाहिली तिलाच का ऐकू येऊ नये, याचा उलगडा ते करतील असे वाटले. पण महाराज जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडत होते.

मास्तर सरपटत पुढे आले. "बाई, मी तुम्हाला बाहेर बसवलं. मला क्षमा करा."

"क्षमा कसली, मास्तर. मला तेवढं एक सांगा." नामीबाईंनी त्यांचा मातकट हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "दमलेला होता का हो तो?"

"नाही, बाई." मास्तरांना हुंदका आवरेना. "दम मला लागला होता. त्याचा आवाज अगदी मोकळा होता."

आणि साऱ्या मंडळीदेखत योनाथान मास्तरांनी नामीबाईंच्या पायांवर डोके ठेवले.