शेळीआधी आलेलं दावं

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत, बांबूच्या बनाला लागून एक गाव होतं आणि त्या गावात एक पाळणेवाली राहायची. नवरा बनातून बांबू तोडून आणायचा आणि ती त्याच्या पट्ट्या काढून पाळणे विणायची. पाळणा विणून झाला की ती त्याच्या कडेवरून स्वतःचा गाल फिरवून बघायची. गालाला जरा जरी टोचलं, तरी पुन्हा घासायला बसायची. "बाळाच्या अंगाला लागायचं ते आधी माझ्या गालाला लागू दे," म्हणायची.

तिला एक लेक होती. गुणाची पोर, पण अंगाने अगदी काडी. सकाळी उठल्या उठल्या आई आधी तिचं मनगट चाचपायची आणि म्हणायची, "खाल्लेलं जातं तरी कुठं गं तुझं?" रस्त्यावर दुसरंच कुणी शिंकलं, तरी आईचा हात लेकीच्या कपाळावर जायचा. गावच्या वैद्याने सांगितलं होतं, "काळजी करू नकोस. थंडी पडायच्या आत पोरीला शेळीचं दूध सुरू कर, बघ कशी बाळसं धरते ती."

झालं. त्या दिवसापासून पाळणेवालीच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. शेळी.

नदीपलीकडे मोठा बाजार भरायचा. तिथे एका शेटने दगडी चौथरा बांधला होता. चौथऱ्यावर माल मांडायचा, शेटचा माणूस मोठ्याने पुकारा करायचा, लोक बोली लावायचे आणि ज्याची बोली जास्त त्याचा माल. सुरुवातीला शेट हात जोडून सगळ्यांना म्हणाला होता, "या, मांडा. मला काही नको. तुमचं भलं झालं की मला पावलं." आणि खरंच, लांबलांबच्या गावांची माणसं यायची, भाव चांगला मिळायचा. पाळणेवाली इतकी खूश झाली की घरी पाळणा मागायला येणाऱ्यांनाही सांगायची, "इथे कशाला येता? चौथऱ्यावर या, तिथेच मांडते मी." हळूहळू तिच्या दाराशी येणारी पायवाट गवताने बुजून गेली.

यंदा तिने जीव ओतून एक पाळणा विणला. कडेला लाल-हिरव्या पट्ट्यांची वेलबुट्टी, चारी कोपऱ्यांना पोपट. "हा गेला की शेळी आणायची," तिने लेकीला सांगितलं. लेकीने शेळीचं नावही ठरवून टाकलं. चांदणी.

बाजाराच्या दिवशी तिने पाळणा चौथऱ्यावर ठेवला. आता रिकामा पाळणा कुणी मांडत नाही, रिकामा पाळणा हलवतही नाहीत. म्हणून तिने घरून आणलेला वरवंटा कुंचीत गुंडाळला आणि बाळासारखा आत निजवला. बघणाऱ्या बायका हसल्या. "बाळ भारी गुणी आहे हो, रडत नाही!" बोली चढत गेली. शेवटी एका हौशी सावकाराने पाळणा घेतला, तोही शेळीच्या किमतीपेक्षा थोडा जास्तच देऊन. पाळणेवालीच्या डोळ्यांपुढे चांदणी बें बें करायला लागली.

ती शेटपुढे पैसे घ्यायला गेली. शेट गादीवर बसला होता.

"आधी मांडणावळ," शेट म्हणाला.

"ती कशाची?"

"पाळणा मांडलास ना चौथऱ्यावर? तिची. मग पुकारणावळ. आमच्या माणसाचा घसा काय फुकटचा आहे?"

"पण शेट, तुम्ही तर म्हणाला होतात, मला काही नको."

"ते तेव्हा. आता तोलणावळ. पाळणा काट्यावर चांगलाच जड भरला तुझा."

"अहो, आत वरवंटा होता! तो मी विकला का? तो घरी चटणी वाटायला परत चाललाय माझ्याबरोबर."

"काट्यावर चढला होता की नाही?"

"चढला होता, पण..."

"मग झालं तर. आता पोचवणावळ. गिऱ्हाईकाचा पैसा माझ्या थैलीतून तुझ्याकडे पोचतो, तिची."

पाळणेवालीने मागे वळून बघितलं. सावकार तिच्या शेजारीच उभा होता. त्याने नुसता हात लांब केला असता, तरी पैसे तिच्या ओंजळीत पडले असते.

"मला नाही पटत हे," ती म्हणाली. "माझा पाळणा द्या परत."

"देतो की," शेट म्हणाला. "फक्त मोडणावळ पडेल. झालेला सौदा मोडायची."

आजूबाजूचे लोक खो खो हसले. काही जण मात्र हसले नाहीत. तेही आपापली उरलेली नाणी घेऊन तसेच घुश्शात उभे होते.

सगळ्या णावळी वजा होऊन जे हातात पडलं, त्यात शेळी तर सोडाच, शेळीचा पायसुद्धा आला नसता. पाळणेवाली बाजारातून चालायला लागली. घरी लेक वाट बघत असणार. रिकाम्या हाताने तिच्यापुढे जायचं तरी कसं? एका दुकानापाशी ती थांबली. तिथे अंबाडीचं दावं टांगलेलं होतं, चांगलं लांब, दुहेरी पिळाचं. तिने ते घेतलं. मनाशी म्हणाली, दावं तर घेऊ, म्हणजे शेळी आल्यासारखीच आहे.

लेक वेशीपर्यंत धावत आली. "आई, चांदणी कुठाय?"

"मागून येतेय," आई म्हणाली.

लेक आईच्या मागे वाकून रस्त्याकडे बघत राहिली. मग घरी गेल्यावर तिने दावं खुंटीला बांधलं आणि दुसऱ्या टोकाशी मूठभर कोवळं गवत ठेवलं. ते बघून पाळणेवाली ताटावरून तशीच उठली.

शेजारी एक सूपवाली राहायची. जिभेची तिखट, पण मनाने वाईट नव्हती. तिला ही हकीकत कळली, तशी हातातलं सूप आपटत ती म्हणाली, "तुला तर कुणीही गंडवावं! पाळण्यात वरवंटा कशाला ठेवायचा, एखादं फूल ठेवायचं!"

"सुचलं नाही गं तेव्हा."

"आता तरी सुचू दे. शेटनं णावळी लावल्या ना तुला? तू पुढच्याला लाव. पाळणा वेगळा, दोर वेगळा, गाठ वेगळी. भाव सांगताना बोलायचंच नाही. वस्तू त्याच्या हातात गेली, त्याला आवडली, की मग एकेक काढायचं. तेव्हा कोण परत ठेवतंय? मी तर आता सुपाला पाखडणावळ लावणार आहे."

पाळणेवालीला ते बरोबर वाटलं. बरोबर म्हणजे काय, राग होता पोटात, आणि राग असला की सगळंच बरोबर वाटतं. तिने पुढचा पाळणा विणला. आजवर ती पाळणा आढ्याला टांगायचा वरचा जाड दोर पाळण्यासोबतच द्यायची. आता तिने तो जोडलाच नाही. अंबाडी संपली होती, आणायला पैसे नव्हते, आणि आता तर दोराचे वेगळे पैसे घ्यायचेच होते. कुणी मागितला तर बघू, असं तिने ठरवलं.

काही दिवसांनी एक म्हातारबाबा दारात आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीने भरलेले. "लेकी, पाळणेवाली तूच ना? डोंगरापल्याडून आलोय. सून पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेत तिचे. चौथऱ्यावर जाणार होतो, पण लोक म्हणाले तिथं आता माणूस कमी आणि वसुलीच्या पट्ट्या जास्त. म्हणून विचारत विचारत इथंच आलो."

तिने पाळणा दाखवला. म्हातारबाबांनी तिच्यासारखाच आपला खरखरीत गाल कडेवरून फिरवला आणि लहान पोरासारखे हसले. तिने भाव सांगितला. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि सांगितले तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले. चंची जवळजवळ रिकामी झाली.

पाळणा उचलून ते निघणार, तेवढ्यात पाळणेवाली हळूच म्हणाली, "बाबा, गाठणावळ राहिली. आणि दोराचे वेगळे."

म्हातारबाबा थांबले. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. पाळणेवालीला ते तोंड ओळखीचं वाटलं. शेटच्या गादीपुढे उभी असताना तिचंही असंच झालं असणार.

बाबांनी चंची उलटी करून बघितली. मग उरलेल्यातले पैसे तिच्या हातावर ठेवत म्हणाले, "गाठीचे घे, लेकी. जाताना वाटेत खायला ठेवले होते, त्यातलेच आहेत. दोर मात्र राहू दे. घरी विहिरीचा जुना दोर पडलाय, तोच लावतो आढ्याला."

विहिरीचा जुना दोर! पाण्यात भिजून भिजून आतून कुजलेला. वरून धड दिसतो, आणि एके दिवशी तटकन तुटतो. पाळणेवालीला तो दोर दिसला, हलणारा पाळणा दिसला, खाली शेणाने सारवलेली जमीन दिसली. पुढचं बघायच्या आत तिने डोळे मिटून घेतले.

"बाबा, थांबा!" ती ओरडलीच. "पाळणा ठेवा खाली."

बाबा घाबरले. "काय झालं? पैसे कमी पडले का?"

"जास्त झाले," ती म्हणाली, आणि गाठीचे पैसे तिने त्यांच्या मुठीत परत कोंबले. "दोराशिवाय पाळणा म्हणजे नुसती टोपली. मी सांगितला तो भाव सगळं धरून होता. गाठ त्यातच आणि दोरही त्यातच."

असं म्हणाली खरी, पण दोर होता कुठे घरात? तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खुंटीला शेळीचं दावं लटकत होतं. नवंकोरं, दुहेरी पिळाचं. ती खुंटीकडे गेली, पण हात काही वर होईना. तिने लेकीकडे बघितलं.

"हे चांदणीचं आहे," लेक म्हणाली.

"हो गं बाळा. पण चांदणी अजून यायचीय, आणि त्यांच्या घरी बाळ आधी येणार आहे."

मग लेकीने स्वतःच पाटावर चढून दावं खुंटीवरून काढलं आणि बाबांकडे नेलं. "बाळाला सांगा, सांभाळून वापर म्हणावं. आमच्या शेळीचं आहे."

पाळणेवालीने दोर पाळण्याला बांधला, स्वतः त्याला लोंबकळून बघितलं, आणि पाळणा रिकामा जाऊ नये म्हणून आत ओंजळभर ज्वारी टाकली. म्हातारबाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

सूपवालीने हे ऐकून कपाळावर हात मारला. "म्हणजे होतं ते दावंही गेलं!"

"गेलं," पाळणेवाली म्हणाली. पण कितीतरी दिवसांनी त्या रात्री तिला शांत झोप लागली.

पुढे म्हातारबाबांच्या घरी नातू झाला. बारशाला गावोगावच्या लेकी-सुना जमल्या. पाळणा बघून ज्या त्या विचारायला लागल्या, "कुठला हो? केवढ्याला? वरून किती लावलं?" बाबा ऐटीत सांगायचे, "वरून काही नाही. सगळं धरून! शेळीचं दावं काढून दिलं बाईनं." त्यांच्याइतका मोठ्याने पुकारा शेटच्या माणसानेही कधी केला नसेल, आणि त्याला पुकारणावळ नव्हती.

पाळणेवालीच्या दारात माणसं यायला लागली. बुजलेली पायवाट पुन्हा मोकळी झाली. प्रत्येकाला ती एकच भाव सांगायची, आणि आधीच सांगायची, "सगळं धरून हं. नंतर काही निघायचं नाही." सूपवालीची पाखडणावळ मात्र कुणीच दिली नाही. दारात आलेली गिऱ्हाईकं माघारी गेली, तशी तीही गुपचूप म्हणायला लागली, "सगळं धरून!"

थंडीची चाहूल लागली, आणि एका सकाळी दारातून हाक आली, "लेकी, तुझं दावं परत द्यायला आलोय गं! आता घरचा नवा दोर वळलाय मी."

पाळणेवाली हात पुसत बाहेर आली. म्हातारबाबांच्या हातात दाव्याचं एक टोक होतं. दुसऱ्या टोकाला एक काळीभोर शेळी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आणि ती पाळणेवालीच्या अंगणातला बांबूचा पाला मजेत खात होती.

"बाबा, हे काय?"

"शेळ्याच तर पाळतो मी. दावं मोकळं कसं परत करायचं? पण फुकट नाही हं," बाबांनी बोट उचललं. "दोन्ही लेकींना पाळणे लागणार आहेत माझ्या. शेळी म्हणजे त्यांचे आगाऊ पैसे समज. भाव तोच ना?"

"तोच," पाळणेवाली म्हणाली.

"दोर, गाठ?"

"सगळं धरून, बाबा."

लेकीने तोवर शेळीच्या गळ्याला मिठी मारली होती. "आई! तू म्हणाली होतीस ना, मागून येतेय? किती हळू चालते गं आपली चांदणी!"

इकडे चौथऱ्यावर माल येईना, तसा शेट विचारात पडला. आधी त्याने न येणाऱ्यांवर नयेणावळ लावून बघितली, पण ती द्यायलाही कुणी आलं नाही. शेवटी त्याने सगळ्या णावळी मोडल्या आणि पुकारणाऱ्याला सांगितलं, "एकच पट्टी ठेव, आणि माल मांडायच्या आधी सांग." तेव्हा हळूहळू लोक पुन्हा जायला लागले. जास्तीचे पाळणे झाले की पाळणेवालीही जायची, आणि ती एक पट्टी न कुरकुरता द्यायची. पुकारणाऱ्याच्या घशालाही दूध-पाणी लागतंच की.

आत वरवंटा मात्र तिने पुन्हा कधी ठेवला नाही. एक फूल ठेवायची.

तात्पर्य: आपल्या कामाचा मोबदला जरूर घ्यावा, पण आधी सांगून आणि उघड घ्यावा. जे आपल्या गालाला टोचलं, ते दुसऱ्याच्या पाळण्यात ठेवू नये.