चांगुणा सायकल घ्यायला जाते

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती कुठल्या राज्यात घडली हे सांगणारेही आता विसरले. पण त्या राज्यात सायकली होत्या, एवढे मात्र पक्के.

तिथल्या एका गावात चांगुणा नावाची कुंभारीण राहत होती. तिची मडकी बघत राहावीत अशी. पण बाजार पडला तीन कोस लांब. डोक्यावर पाटी घेऊन ती पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन जेवायला बसलेले असे. यंदाही माल परत आला, तर पुढच्या वर्षी तिची भट्टी पेटणार नव्हती. म्हणून तिने गाठीचे पैसे काढले आणि सायकल घ्यायला ती तडक शहरात गेली.

आता गंमत बघा. सायकलीतले तिला ओ की ठो कळत नव्हते, पण तसे कबूल करायची लाज वाटत होती. मडके घेताना टिचकी मारून आवाज ऐकतात, एवढे तिला ठाऊक. बाईंनी दुकानातल्या सर्वांत उंच, चकचकीत सायकलीला टिचकी मारली. ठण्ण आवाज आला.

"पक्की भाजलीय," ती ऐटीत म्हणाली. "हीच द्या."

दुकानदार खूश झाला. दाराशी पंक्चर काढत बसलेले एक म्हातारबाबा मात्र खो खो हसले.

"बाई, हिच्यात पाणी भरून ठेवायचं नाही, हिच्यावर बसायचंय. सायकल येते का तुम्हाला?"

"येते की! न यायला काय झालं?"

"मग बसून दाखवा."

आली का पंचाईत! चांगुणाने पदर खोचला आणि टांग टाकली. पाय काही जमिनीला टेकेनात. सायकल पडली एकीकडे आणि चांगुणा पंक्चर शोधायच्या पाण्याच्या घमेल्यात! सगळे दुकान हसले. हसण्याचे तिला फारसे काही वाटले नाही. पण सगळे पैसे या सायकलीत गेले असते तर, या विचाराने तिची सगळी ऐट उतरली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मला सायकलीतलं काहीच कळत नाही. चालवायलासुद्धा येत नाही. मडकी न्यायचीत, रस्ता दगडगोट्यांचा आहे, आणि जवळ आहेत ते एवढेच पैसे."

"अहो, मग हे आधी सांगायचं की!" बाबांनी हात देऊन तिला उठवले. "आता मला काहीतरी सांगता येईल."

त्यांनी कोपऱ्यातली एक जुनी, बुटकी सायकल बाहेर काढली. रंग उडालेला, पण टायर जाड आणि कॅरिअर दणकट. बसल्यावर चांगुणाचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. बाबांनी उतारावर तिला ब्रेक दाबायला लावले आणि मगच मान डोलावली.

"उरलेल्या पैशांत हवा भरायचा पंप घ्या. आणि आठ दिवस रिकामीच चालवा. मडकी मग."

दुकानदाराने तोंड वाकडे केले, पण सायकल दिली.

आठ दिवसांत चांगुणा बारा वेळा पडली. नवव्या दिवशी मात्र ती सगळ्यांच्या आधी बाजारात हजर! पेंढ्यात बांधलेले एकही मडके फुटले नव्हते, आणि दुपारच्या आत सगळा माल खपला. पुढच्या वर्षी गावातली सर्वांत मोठी भट्टी तिचीच पेटली.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा: सल्ला मागताना आपली गरज आणि आपले अज्ञान, दोन्ही आधी मोकळेपणाने सांगावे.