टाकीचा उपास

एकदा एका नगराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात काम शिकणारी एक शिष्या फार चिंतेत पडली. सांडपाण्याचा गाळ बंद टाकीत कुजवून तिथे गॅस काढत. गाळाचे कण आधीच फोडले तर तो लवकर पचेल, म्हणून तिने टाकीच्या तोंडाशी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचे यंत्र बसवले होते. पहिला आठवडा गॅस भरभरून आला, मग उतरू लागला. तिने लहरींचा जोर वाढवला, गाळही वाढवला. आपण सगळेच असे. फळ दिसेना की खत दुप्पट करतो. गॅस आणखीच घटला. चार दिवसांनी पाहणी समिती येणार होती, आणि गॅस वाढलेला दिसला नाही तर यंत्र परत जाणार होते.

अखेर तिने केंद्रातल्या वृद्ध जाणत्याला गाठले. तीस वर्षे त्यानेच ती टाकी सांभाळली होती. त्याने आतले पाणी बाटलीत घेऊन हुंगले, आम्लता दाखवणारा तपासकागद बुडवून पाहिला आणि सरळ गाळाची झडप बंद केली.

"अहो तात्या, आधीच गॅस नाही, आणि तुम्ही तिला उपाशी ठेवताय?" ती झडपेकडे धावली.

"आंबलीये ती, पोरी. आत दोन प्रकारचे जीव राबतात. पहिले गाळाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा गॅस. तुझ्या यंत्रानं पहिल्यांचं काम सोपं केलं. दुसरे मात्र आपल्याच चालीनं चालणार. पोळ्या लाटणारे हात दुप्पट केलेस, तवा एकच राहिला. यंत्र तुझं चांगलं आहे. धीर कमी पडला."

तीन दिवस ती टाकीभोवती घुटमळत राहिली. चौथ्या सकाळी आम्लता थोडी उतरली होती, गॅसचा काटा जेमतेम हलला होता, आणि समिती दारात उभी होती.

"यंत्र चालवून दाखवा," प्रमुख म्हणाले. "सोडा गाळ."

सोडला असता तर काटा घटकाभर चढलाही असता. तिने तात्यांकडे पाहिले.

"आज नाही सोडणार." ती प्रमुखांना म्हणाली. "घाई माझी झाली. मागचं पचायच्या आत पुढचं घातलं तर टाकीच बंद पडेल. यंत्र न्यायचं असेल तर न्या."

प्रमुखांनी नुकत्याच हललेल्या काट्याकडे पाहिले. "बरं, थांबतो आम्ही. किती दिवस लागतील?"

"ते टाकी सांगेल," शिष्या म्हणाली. "मी रोज विचारीन तिला."